बल, परिबल आणि समतोल: आकृतीपासून उत्तरापर्यंत

समतोलाचं गणित सूत्र आठवत नाही म्हणून क्वचितच अडतं. सूत्रं मुळात दोनच आहेत: वस्तूवरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य, आणि कुठल्याही एका बिंदूभोवतीच्या सगळ्या परिबलांची, म्हणजे बलांच्या फिरवण्याच्या क्षमतेची, बेरीज शून्य. गाडी अडते ती त्याच्या बरीच आधी. नेमक्या कोणत्या वस्तूचा विचार चालला आहे हे ठरलेलं नसतं, एखादं बल आकृतीत यायचं राहून जातं, नाहीतर परिबलं मोजायला गैरसोयीचा बिंदू धरलेला असतो. मग समीकरणं कितीही नेटकी मांडली तरी उत्तर चुकतं, आणि कुठे चुकलं तेही सापडत नाही.

म्हणून गणित ज्या क्रमाने सोडवायचं त्याच क्रमाने इथे जाऊ. जिथे हमखास घोटाळा होतो तिथे जास्त वेळ थांबू. एक वही, पट्टी आणि साइन-कोसाइनची तोंडओळख एवढं पुरेसं आहे. वजन काढताना गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरतात. बऱ्याच ठिकाणी मी वजन थेट न्यूटनमध्येच दिलं आहे, म्हणजे आकडेमोडीत लक्ष अडकणार नाही.

पहिली पायरी: एकच वस्तू निवडा आणि तिला एकटी पाडा

टेबलावर पुस्तक ठेवलं आहे. वहीत फक्त पुस्तक काढा. टेबल नाही, जमीन नाही. आता पुस्तकावर बाहेरून जी जी बलं लागतात तेवढ्यांचेच बाण काढा. पृथ्वी त्याला खाली ओढते, हे त्याचं वजन. टेबल त्याला वर ढकलतं, हे पृष्ठभागाला लंब असलेलं प्रतिक्रिया बल. संपलं. या चित्राला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात आणि पुढचं सगळं गणित याच्यावरच उभं राहतं.

प्रत्येक बाण काढताना स्वतःला एक प्रश्न विचारायचा: हे बल कोण लावतंय आणि कोणावर? या प्रश्नाला दोन नावांचं उत्तर मिळालं नाही, तर तो बाण खोडून टाका. ‘गतीचं बल’ नावाचा बाण बरेच जण काढतात. तो या प्रश्नापुढे टिकत नाही, कारण ते बल लावणारं कोणीच नसतं. आणि ‘कोणावर’ याचं उत्तर तुम्ही निवडलेली वस्तू नसेल, तर ते बल खरं असलं तरी या आकृतीत त्याचं काम नाही. पुस्तक टेबलाला खाली दाबतं हे खरं, पण तो बाण टेबलाच्या आकृतीत जाईल.

इथेच न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा गोंधळ सोडवून टाकू, कारण तो पुढे फार त्रास देतो. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं वर ढकलणं ही दोन बलं समान आणि विरुद्ध आहेत, म्हणून ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे असं अनेकांना वाटतं. तशी ती नाही. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं. इथे तर दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत. खात्री करायची असेल तर पुस्तकावर हात ठेवून ५ न्यूटन बलाने खाली दाबा. टेबलाचं बल लगेच ५ न्यूटनने वाढतं, पुस्तकाचं वजन मात्र होतं तेवढंच राहतं. जोडीतली बलं अशी एकमेकांना सोडून बदलू शकत नाहीत. वजन आणि प्रतिक्रिया बल समान असतात ते समतोल आहे म्हणून, आणि तेही दुसरं कुठलं उभं बल नसेल तेव्हाच.

दुसरी पायरी: बलांचा हिशोब आडवा वेगळा, उभा वेगळा

बलाला दिशा असते, म्हणून दोन बलांची बेरीज साध्या आकड्यांसारखी करता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक तिरप्या बलाचे आडवा आणि उभा असे दोन घटक पाडायचे. मग आडव्या घटकांची बेरीज शून्य आणि उभ्या घटकांची बेरीज शून्य, अशी दोन समीकरणं लिहायची.

एक दोरी दोन खांबांना बांधली आहे आणि तिच्या बरोबर मधोमध १०० न्यूटनचं वजन टांगलं आहे. आपली वस्तू कोणती? दोरीवरची ती गाठ, जिथे वजन अडकवलं आहे. गाठीवर तीन बलं आहेत: खाली १०० न्यूटन, आणि दोन्ही बाजूंना दोरीचा ताण. दोन्ही बाजू सारख्याच तिरप्या असल्यामुळे आडवे घटक एकमेकांना रद्द करतात. उभ्या दिशेत २ × ताण × साइन कोन = १००.

आता दोरी आडव्या रेषेशी किती कोन करते त्यावर सगळं अवलंबून आहे. कोन ६०° असेल तर ताण सुमारे ५८ न्यूटन. ३०° असेल तर बरोबर १०० न्यूटन, म्हणजे प्रत्येक बाजू टांगलेल्या वजनाइतका ताण सोसते. १०° ला ताण २८८ न्यूटनवर जातो आणि ५° ला ५७४ न्यूटनवर. दोरी जितकी ताठ ओढावी तितका ताण बेसुमार वाढतो, कारण वजन पेलायला उपयोगी पडणारा उभा घटक लहान लहान होत जातो. मध्ये वजन लटकवलेली दोरी अगदी सरळ आडवी कधीच होऊ शकत नाही. कोन शून्य झाला तर उभा घटकच उरत नाही, मग वजन पेलणार कोण? तारा आणि दोऱ्या बांधताना थोडा झोळ ठेवतात त्यामागे हेच गणित आहे.

तिसरी पायरी: परिबल, म्हणजे बलाची फिरवण्याची क्षमता

निव्वळ बल शून्य असलं म्हणजे वस्तू स्थिर राहीलच असं नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवताना एक हात वर ढकलतो, दुसरा तितक्याच जोराने खाली ओढतो. बेरीज शून्य, तरी चाक फिरतं. समान, विरुद्ध पण वेगळ्या रेषांवर असलेल्या अशा दोन बलांना बलयुग्म म्हणतात. प्रत्येकी १५ न्यूटनची बलं ०.४ मीटर अंतरावर असतील, तर बलयुग्माचं परिबल १५ × ०.४ = ६ न्यूटन-मीटर. हे परिबल कुठल्याही बिंदूभोवती मोजा, तेवढंच येतं.

एकट्या बलाचं परिबल काढायचं तर बलाला लंब अंतराने गुणायचं. हे ‘लंब अंतर’ नीट कळलं की निम्मं काम झालं. बलाचा बाण दोन्ही बाजूंना वाढवून एक सरळ रेषा काढा. ती बलाची क्रियारेषा. ज्या बिंदूभोवती परिबल हवं त्या बिंदूपासून या रेषेवर लंब टाका. त्या लंबाची लांबी म्हणजे आपलं अंतर. बल वस्तूला जिथे लागतं तिथपर्यंतचं अंतर नव्हे.

पान्याचं उदाहरण घ्या. नटपासून ०.२५ मीटरवर ८० न्यूटन बल पान्याशी काटकोनात लावलं, तर परिबल ८० × ०.२५ = २० न्यूटन-मीटर. तेच बल पान्याशी ३०° कोन करून लावलं, तर क्रियारेषा नटच्या जवळून जाते. लंब अंतर ०.२५ × साइन ३०° = ०.१२५ मीटर, परिबल १० न्यूटन-मीटर. जोर तेवढाच, फळ निम्मं. आणि पाना लांबीच्याच दिशेने ओढला, तर क्रियारेषा नटमधूनच जाते, अंतर शून्य, परिबल शून्य. दरवाजाच्या बिजागरीकडे तोंड करून कितीही ढकललं तरी दरवाजा हलत नाही, त्याचं कारण हेच.

लंब अंतर काढणं अवघड वाटत असेल तर दुसरी वाट आहे. बलाचे दोन घटक पाडा, प्रत्येकाचं परिबल वेगळं काढा आणि बेरीज करा. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. हा निष्कर्ष फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यों यांच्या नावाने ओळखला जातो. माझा सल्ला असा की आकृतीत लांबी-उंची दिली असेल तर घटक पाडा, कोन दिला असेल तर लंब टाका.

दिशेचं चिन्ह सुरुवातीलाच ठरवून टाका. घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवणारी परिबलं धन, काट्यांच्या दिशेने फिरवणारी ऋण. हे उलटंही चालेल, पण एका गणितात मध्येच बदलायचं नाही.

चौथी पायरी: बिंदू तुम्ही निवडायचा

हा सगळ्यात उपयोगाचा भाग आहे आणि पाठ्यपुस्तकात तो एका ओळीत उरकलेला असतो. समतोलात असलेल्या वस्तूसाठी परिबलं कुठल्याही बिंदूभोवती घेता येतात. वस्तू प्रत्यक्षात त्या बिंदूभोवती फिरत असली पाहिजे, तिथे बिजागरी किंवा टेकू असला पाहिजे, असं काही नाही. बिंदू वस्तूच्या बाहेर, हवेत असला तरी चालतो.

असं का? समजा एका आडव्या फळीवरच्या परिबलांची एका बिंदूभोवती बेरीज शून्य आहे. आता तो बिंदू अर्धा मीटर उजवीकडे सरकवला. प्रत्येक बलाचं अंतर अर्ध्या मीटरने बदललं, त्यामुळे प्रत्येक परिबल ०.५ × ते बल इतकं बदललं. एकूण बदल ०.५ × सगळ्या बलांची बेरीज. पण समतोलात ही बेरीज शून्यच आहे, म्हणून एकूण बदलही शून्य.

मग निवड कशी करायची? ज्या अज्ञात बलात आत्ता रस नाही, त्याच्या क्रियारेषेवरचा बिंदू घ्या. त्या बलाचं अंतर शून्य होतं आणि ते समीकरणातून आपोआप गळतं. दोन अज्ञातं एकाच बिंदूतून जात असतील तर डोळे झाकून तोच बिंदू घ्या.

करून पाहू. ४ मीटर लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची फळी दोन्ही टोकांना आधारांवर ठेवली आहे. फळीचं वजन २०० न्यूटन. डाव्या टोकापासून १ मीटरवर ६०० न्यूटन वजनाचा माणूस उभा आहे. प्रत्येक आधारावर किती भार येतो?

वस्तू: फळी. बलं चार: फळीचं वजन तिच्या मध्यावर, म्हणजे २ मीटरवर खाली, माणसाचा दाब १ मीटरवर खाली, आणि दोन आधारांची वर ढकलणारी बलं. डाव्या टोकाभोवती परिबलं घेतली की डावा आधार समीकरणातून जातो. उजवा आधार × ४ = ६०० × १ + २०० × २ = १०००. म्हणून उजवा आधार २५० न्यूटन. उभ्या बलांच्या बेरजेवरून डावा आधार ८०० − २५० = ५५० न्यूटन.

आता पडताळा. उजव्या टोकाभोवती परिबलं घ्या: डावा आधार × ४ = ६०० × ३ + २०० × २ = २२००, म्हणजे ५५०. जुळलं. न वापरलेल्या बिंदूभोवती एकदा परिबलं तपासायला अर्धं मिनिट लागतं आणि चिन्हाची चूक लगेच उघडी पडते. ही सवय जरूर लावून घ्या.

याच फळीचा उजवा आधार आता डाव्या टोकापासून ३ मीटरवर आणा. म्हणजे १ मीटर फळी अधांतरी राहिली. माणूस त्या अधांतरी भागावर किती पुढे जाऊ शकेल? फळी उलटायच्या बेतात येते तेव्हा डाव्या आधारावरचा दाब शून्य झालेला असतो, कारण आधार फळीला वर ढकलू शकतो, खाली ओढून धरू शकत नाही. उजव्या आधाराभोवती परिबलं: फळीचं वजन १ मीटर डावीकडे, म्हणजे २०० × १. माणूस उजवीकडे, ६०० × अंतर. दोन्ही समान असताना अंतर ०.३३ मीटर. आधाराच्या पुढे जेमतेम ३३ सेंटीमीटर, मग फळी माणसासकट खाली. ‘उलटायच्या बेतात’, ‘सुटायच्या बेतात’ असे शब्द गणितात दिसले की कुठलं बल शून्य होतंय ते शोधायचं.

उत्तर ऋण आलं तर घाबरू नका

बलाची दिशा आधी माहीत नसेल तर अंदाजाने काढा. अंदाज चुकला असेल तर उत्तर ऋण येईल, तेवढंच.

कोपर काटकोनात वाकवून तळहातावर ५० न्यूटन वजन धरलं आहे असं समजा. वजन कोपराच्या सांध्यापासून ३५ सेंटीमीटरवर आहे. हाताच्या या पुढच्या भागाचं स्वतःचं वजन १५ न्यूटन, १५ सेंटीमीटरवर. दंडातला बायसेप्स स्नायू सांध्यापासून अवघ्या ४ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला आहे आणि तो वर ओढतो. सांध्याभोवती परिबलं: स्नायूचं बल × ४ = ५० × ३५ + १५ × १५ = १९७५. स्नायूचं बल सुमारे ४९४ न्यूटन, धरलेल्या वजनाच्या जवळपास दहापट.

आता सांध्यावरचं बल. दंडाचं हाड हाताला वर ढकलत असेल असा अंदाज करून लिहू: सांध्याचं बल + ४९४ − ६५ = ०. उत्तर −४२९ न्यूटन. म्हणजे हाड हाताला वर नाही, खाली ढकलतं आहे. विचार केला तर पटतंही: स्नायू इतक्या जोराने वर ओढतोय की सांध्याने खाली दाबल्याशिवाय हिशोब जुळणारच नाही. आकडे माणसागणिक बदलतील, चित्र हेच राहील. शरीराने इथे ताकदीत तोटा पत्करून पल्ला आणि वेग मिळवला आहे. स्नायू थोडासा आखडला की तळहात बराच फिरतो.

शिडी: सगळ्या पायऱ्या एकत्र

शिडीचं गणित मला या सगळ्या विषयाचं सार वाटतं. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे. तिचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर, वरचं टोक ४ मीटर उंचीवर. शिडीचं वजन २०० न्यूटन, भिंत गुळगुळीत.

शिडी एकटी काढा. भिंत गुळगुळीत, म्हणून ती शिडीला फक्त आडवी ढकलते. जमीन दोन बलं लावते: वर प्रतिक्रिया आणि भिंतीच्या दिशेने घर्षण. वजन मध्यावर खाली, पायापासून आडव्या अंतरात १.५ मीटरवर. उभी बेरीज: प्रतिक्रिया २०० न्यूटन. आडवी बेरीज: घर्षण = भिंतीचं बल. बिंदू कुठे घ्यायचा? जमिनीची दोन्ही बलं शिडीच्या पायातून जातात, तेव्हा पायाच. भिंतीचं बल × ४ = २०० × १.५, म्हणून भिंतीचं बल ७५ न्यूटन आणि घर्षणही ७५ न्यूटन. शिडी घसरू नये यासाठी घर्षण गुणांक, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणारं घर्षण भागिले प्रतिक्रिया, किमान ७५ ÷ २०० = ०.३७५ हवा.

नजरेने पडताळायची एक सुंदर रीत आहे. समतोलात असलेल्या वस्तूवर समांतर नसलेली तीनच बलं असतील, तर त्यांच्या क्रियारेषा एकाच बिंदूत मिळतात. वजनाची उभी रेषा आणि भिंतीच्या बलाची आडवी रेषा पायापासून १.५ मीटर आत, ४ मीटर उंचीवर छेदतात. म्हणजे जमिनीचं एकूण बल, प्रतिक्रिया आणि घर्षण मिळून, त्याच बिंदूकडे रोखलेलं असणार. त्याचा चढ ४ भागिले १.५, आणि आपल्या उत्तरातून २०० भागिले ७५. दोन्ही २.६७.

आता ७०० न्यूटन वजनाचा माणूस चढू लागला. शिडीवर १ मीटर चढलं की आडवं अंतर ०.६ मीटरने वाढतं. प्रतिक्रिया आता ९०० न्यूटन. भिंतीचं बल = (३०० + ७०० × ०.६ × चढलेलं अंतर) ÷ ४. आकडे घालून बघा. १ मीटर चढल्यावर भिंतीचं बल १८० न्यूटन, लागणारा घर्षण गुणांक ०.२. रिकाम्या शिडीला ०.३७५ लागत होता, म्हणजे माणूस खालच्या पायऱ्यांवर असताना शिडी उलट जास्त सुरक्षित आहे! मध्यावर, २.५ मीटरवर, पुन्हा बरोबर ०.३७५. त्याच्या वर गेलं की परिस्थिती बिघडत जाते: ४ मीटरवर ०.५५, अगदी टोकाला ०.६७. मध्यापर्यंत शिडी घसरली नाही, म्हणून पुढेही घसरणार नाही असं गृहीत धरणं म्हणूनच धोक्याचं आहे. दुसऱ्या कोणी सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहण्याचा उपयोगही यातूनच कळतो. त्या वजनाने जमिनीची प्रतिक्रिया वाढते, पण पायाभोवतीचं परिबल जवळजवळ वाढत नाही.

उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर शिडीचा पाय ठेवावा असा सुरक्षिततेचा जो प्रचलित नियम आहे, तो याच समीकरणात घालून बघा. माणूस टोकाला असताना भिंतीचं बल येतं (१०० + ७००) × पायाचं अंतर ÷ उंची. आपल्या मांडणीत ते ८०० × ३ ÷ ४ = ६०० न्यूटन होतं. नियमाप्रमाणे ते ८०० ÷ ४ = २०० न्यूटन होतं, आणि लागणारा घर्षण गुणांक ०.६७ वरून ०.२२ वर येतो.

भिंत गुळगुळीत आहे असं पुस्तकं का सांगतात? भिंतीलाही घर्षण असेल तर अज्ञातं चार होतात: जमिनीची दोन, भिंतीची दोन. आपल्याकडे समीकरणं तीनच आहेत. घर्षण नेमकं किती लागतंय ते मग फक्त समतोलाच्या अटींवरून ठरत नाही. चार पायांच्या टेबलाचंही तसंच, प्रत्येक पायावर किती भार आहे हे काढायला पाय आणि जमीन किती दबतात ते माहीत असावं लागतं. तीन पायांच्या स्टुलाला ही अडचण नाही, म्हणून तो ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. अज्ञातं मोजून समीकरणांशी ताडून पाहिली की गणित सुटण्याजोगं आहे का ते आधीच कळतं.

घसरेल की उलटेल

८०० न्यूटनचं कपाट आडवं ढकलायचं आहे. ढकलण्याच्या दिशेत त्याच्या तळाची रुंदी ०.६ मीटर, जमिनीशी घर्षण गुणांक ०.४, गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे लागतं असं धरतात तो बिंदू) तळाच्या मध्याच्या बरोबर वर. सरकवायला ३२० न्यूटन लागतील. कपाट एकसारख्या वेगाने सरकत असतानाही निव्वळ बल शून्यच असतं, त्यामुळे समतोलाच्या अटी तशाच लागू होतात.

इथे जमिनीची प्रतिक्रिया कुठे लागते याकडे लक्ष द्या. बहुतेक जण ती सवयीने तळाच्या मध्यावर काढतात आणि तिथेच गणित बिघडतं. ढकलण्याचं बल कपाटाला पुढे उलटवू पाहतं. ते परिबल रद्द करायला प्रतिक्रिया पुढच्या कडेकडे सरकते. तळाच्या मध्यबिंदूभोवती परिबलं घ्या: ३२० × ढकलण्याची उंची = ८०० × प्रतिक्रियेचं सरकणं. अर्ध्या मीटर उंचीवर ढकललं तर प्रतिक्रिया ०.२ मीटर पुढे जाते. ती जास्तीत जास्त ०.३ मीटर जाऊ शकते, तिथे कड आली. त्यासाठीची उंची ०.७५ मीटर. याहून वर ढकललं की कपाट सरकण्याआधीच उलटू लागेल. आणि ही उंची वजनावर अवलंबून नाही: तळाची अर्धी रुंदी भागिले घर्षण गुणांक, बस. खडबडीत जमिनीवर कपाट आणखी खालून ढकलायला हवं.

उतारावरही असंच घडतं. ०.४ मीटर रुंद आणि १ मीटर उंच खोकं एका फळीवर उभं ठेवून फळी तिरपी करत गेलो, तर गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा तळाच्या कडेबाहेर पडताक्षणी ते उलटतं. उताराचा टॅन्जंट रुंदी भागिले उंची, म्हणजे ०.४ झाला की, सुमारे २२° ला. घसरतं ते टॅन्जंट घर्षण गुणांकाइतका झाला की. गुणांक ०.४ पेक्षा कमी असेल तर आधी घसरेल, जास्त असेल तर आधी उलटेल.

पट्टी घेऊन करून बघा

आर्किमिडीज यांनी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात तरफेचा नियम सिद्ध केला: वजनं आपापल्या टेकूपासूनच्या अंतरांच्या व्यस्त प्रमाणात असली की समतोल साधतो. या नियमाने मीटरपट्टीचं वस्तुमान तराजूशिवाय काढता येतं. आधी नुसती पट्टी पेन्सिलीवर तोलून तिचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते नोंदवा, ५० वर असेलच असं गृहीत धरू नका. समजा ५० वरच निघाला. आता ५ सेंटीमीटरच्या खुणेवर १०० ग्रॅम टांगा आणि पुन्हा तोला. पट्टी ३२ वर तोलली गेली, तर १०० × २७ = पट्टी × १८, म्हणजे पट्टी १५० ग्रॅमची.

मग पट्टी दोन्ही हातांच्या तर्जन्यांवर आडवी ठेवा, एक बोट १० च्या खुणेखाली आणि दुसरं ८० च्या. बोटं सावकाश एकमेकांकडे आणा. एकच बोट मुद्दाम सरकवायचा प्रयत्न केला तरी ती आळीपाळीने सरकतात आणि शेवटी गुरुत्वमध्यापाशीच भेटतात. कारण वर फळीच्या गणितात येऊन गेलं आहे. गुरुत्वमध्यापासून बोटं ४० आणि ३० सेंटीमीटरवर आहेत, म्हणून जवळच्या बोटावर भाराचे सातातले चार भाग आहेत आणि लांबच्यावर तीन. लांबच्या बोटावर दाब कमी, घर्षण कमी, म्हणून तेच आधी सरकतं. आत येता येता त्याच्यावरचा भार वाढतो. सरकतानाचं घर्षण स्थिर घर्षणापेक्षा कमी असतं, त्यामुळे ते दुसऱ्या बोटापेक्षा थोडं जास्तच जवळ जाऊन थांबतं, आणि दुसऱ्याची पाळी येते.

हाच प्रयोग लांब दांड्याच्या झाडूवर करा. बोटं झाडूच्या केसांच्या बाजूला जवळ भेटतील. त्या बिंदूवर झाडू कापला तर दोन्ही तुकडे सारख्या वजनाचे असतील का? इथे बरेच जण हो म्हणतात. पण त्या बिंदूभोवती समान असतात ती परिबलं, वजनं नव्हेत. केसांकडच्या तुकड्याचा गुरुत्वमध्य बिंदूपासून २० सेंटीमीटरवर आणि दांड्याकडच्याचा ५० सेंटीमीटरवर असेल, तर केसांकडचा तुकडा दुसऱ्याच्या अडीचपट जड भरेल.